नवे औषध लवकर कसे मिळेल?



गेल्या सत्रात नववीच्या वर्गात सूक्ष्मजीव आणि रोग यांचा पाठ चालू होता. करोनाच्या काळात एक औषध अवघ्या तीन महिन्यांत तपासून झाले, असे मी बोलता बोलता सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, ते तीन महिन्यांत झालं, मग माझ्या आजीला टीबीच्या गोळ्या दीड वर्षाच्या वर का घ्याव्या लागल्या? लवकर बरं करणारं औषध आधीच कुणी का नाही शोधलं?"

मी "उद्या सांगतो" म्हटले. उद्याचे चार दिवस झाले, कारण उत्तर एका वाक्यात मावणारे नव्हते. वर्गात जे सांगितले ते थोडे नीट मांडून वार्तापत्रासाठी लिहितो आहे. आपल्या हैदराबादेत औषधांचे कारखाने पुष्कळ आहेत. आपल्या शाळेतल्या अनेक मुलांचे वडील किंवा काका बालानगर, जीडिमेटला, पाटणचेरू भागात या उद्योगात नोकरी करतात. म्हणून हा विषय आपल्याला तसा परका नाही.

औषधाचा लांबचा प्रवास

नवे औषध प्रयोगशाळेतून दुकानात यायला साधारण १० ते १५ वर्षे लागतात. प्रथम शास्त्रज्ञ हजारो रसायने तपासतात. त्यांतली मोजकी उपयोगी वाटली की ती काचेच्या नळीत आणि नंतर प्राण्यांवर तपासली जातात. त्यानंतर माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे असतात.

पहिल्या टप्प्यात काही थोड्या, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांना औषध देऊन ते शरीराला सोसते का हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात शंभर-दोनशे रुग्णांवर मात्रा किती द्यावी आणि काही गुण येतो का हे तपासतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला नवे औषध आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार देऊन तुलना करतात. हे सर्व पार पडले की सरकारची औषध नियंत्रण यंत्रणा कागदपत्रे तपासून परवानगी देते. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या १० औषधांपैकी साधारण ९ वाटेतच गळतात.

इतके टप्पे हवेतच कशाला, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर थॅलिडोमाइड या औषधाच्या इतिहासात आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते झोपेचे औषध म्हणून बाजारात आले. गरोदर स्त्रियांच्या उलट्या-मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरात तिथे ते मागे घेतले गेले, तोवर जगभरात १०,००० हून अधिक बाळे हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी "पुरावा अपुरा आहे" म्हणून परवानगी रोखून धरली होती. कंपनीने पुन्हा पुन्हा तगादा लावूनही त्या हलल्या नाहीत. १९६२ साली अमेरिकेने आपला कायदा अधिक कडक केला.

तेव्हा चाचणी गाळून वेळ वाचवता येत नाही. मग वाचवायचा कुठून? याचे उत्तर शोधण्यासाठी दहा वर्षांतला वेळ जातो कुठे ते पाहू. बराचसा वेळ प्रत्यक्ष तपासण्यात जात नाही, तो वाट पाहण्यात जातो. पैसे जमण्याची वाट, प्रत्येक रुग्णालयाच्या परवानगीची वाट, योग्य रुग्ण मिळण्याची वाट, एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याची वाट. आणि सगळे जुळवून एक औषध तपासले की ती सारी यंत्रणा मोडायची. दुसऱ्या औषधासाठी पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव!

आपल्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घ्या. प्रत्येक नाटुकल्यासाठी वेगळा मांडव घातला, खुर्च्या आणल्या, माईक लावला आणि नाटुकले संपताच सगळे उतरवले, तर एक संमेलन पार पडायला महिना लागेल. आपण मांडव एकदाच घालतो आणि त्यात बारा कार्यक्रम करतो. औषध-संशोधनात अलीकडे जे नवे मार्ग आले, त्यांतला एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे हाच 'एक मांडव'.

आधी एक नाण्याचा खेळ

त्या मांडवात शिरण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ. दोन गट करून तुलना करायची, तीही पुष्कळ रुग्णांवर, हा हट्ट का?

वर्गात ४० मुले होती. प्रत्येकाने एक नाणे १० वेळा उडवायचे आणि किती वेळा छापा पडला ते लिहायचे. एका मुलीला १० पैकी ९ छापे आले. लगेच शेजारचा मुलगा ओरडला, "सर, हिच्या नाण्याला कसलं तरी औषध दिलंय!" सगळा वर्ग हसला. पण तो मुलगा जे बोलला तीच चूक आपण मोठी माणसे रोज करतो.

गणित सांगते की नाणे १० वेळा उडवले तर ७ किंवा अधिक छापे येण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के असते. ४० मुलांच्या वर्गात सरासरी ७ मुलांना असे घडणार. नाण्यात काही खोट नसताना! मग आम्ही सगळ्यांचे मिळून ४०० वेळचे छापे मोजले. ते २०७ भरले, म्हणजे जवळजवळ निम्मे. मोजणी मोठी झाली की नशिबाचा खेळ कमी होतो आणि खरे काय ते दिसू लागते.

दुसरी गोष्ट गट पाडण्याची. डॉक्टरांनी आपल्या मनाने रुग्ण निवडले तर नकळत तरुण आणि सशक्त रुग्ण नव्या औषधाकडे जातील आणि औषधाला फुकटचे यश मिळेल. म्हणून कोणी कुठल्या गटात जायचे हे नाणेफेकीसारख्या पद्धतीने ठरवतात. गंमत अशी की या पद्धतीची गाजलेली पहिली मोठी चाचणी क्षयरोगाचीच होती. इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ साली ती प्रसिद्ध केली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने गट पाडण्याच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात ठेवल्या होत्या. स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ दगावले. औषध तेव्हा इतके दुर्मीळ होते की ते सर्वांना देणे शक्यच नव्हते. त्यामुळे ही वाटणी कुणाला अन्यायाची वाटली नाही.

ऑक्सफर्डचा 'एक मांडव'

आता २०२० च्या मार्च महिन्यात येऊ. करोनावर कुठले औषध चालते हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. जो तो डॉक्टर आपल्या अनुभवाने काही ना काही देत होता. मलेरियावरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा इतका गवगवा झाला की ज्यांना ते नेहमी लागते अशा संधिवाताच्या रुग्णांनाही गोळ्या मिळेनात.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे या दोन प्राध्यापकांनी 'रिकव्हरी' नावाची चाचणी आखली. आराखडा लिहायला घेतल्यापासून ९ दिवसांत, १९ मार्च २०२० रोजी, पहिला रुग्ण चाचणीत दाखल झाला. एरवी याच कामाला महिनेच्या महिने जातात. त्यांनी काय वेगळे केले ते पाहा.

एक, प्रश्न अगदी साधा ठेवला : रुग्ण २८ दिवसांनी जिवंत आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या मतावर अवलंबून नसते.

दोन, वेगळी संशोधन केंद्रे उघडली नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची जी रुग्णालये रुग्णांना सांभाळतच होती, त्यांनाच सामील करून घेतले. अशी १७६ रुग्णालये एकत्र आली.

तीन, कागदपत्रे कमी केली. संमतीपत्र सोपे आणि नोंदीचा अर्ज थोडक्यात. पुढची माहिती आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय नोंदींमधून थेट घेतली. दमलेल्या डॉक्टर-परिचारिकांवर जादा ओझे टाकले नाही.

चार, एकाच आराखड्यात अनेक औषधे एकदम तपासली. संगणक चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचा : या रुग्णाला हे औषध, त्याला ते, आणि तुलनेसाठी काहींना फक्त नेहमीचे उपचार. तुलनेचा गट सगळ्या औषधांना मिळून एकच पुरला. एखादे औषध निकामी ठरले की ते काढून दुसरे घालायचे. मांडव उभाच!

५ जून २०२० रोजी त्यांनी जाहीर केले की रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने काही फायदा होत नाही. त्यानंतर ११ दिवसांनी, १६ जूनला, दुसरा निकाल आला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जातीचे, साठ वर्षे वापरात असलेले, अत्यंत स्वस्त औषध. २१०४ रुग्णांना ते दिले होते आणि ४३२१ रुग्णांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत, औषध न मिळालेल्या १०० पैकी ४१ दगावले होते, तर औषध मिळालेल्या १०० पैकी २९. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत हेच आकडे २६ आणि २३ होते. पहिल्या रुग्णापासून या निकालापर्यंत ८९ दिवस लागले.

पण याच चाचणीचा तिसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना या औषधाने फायदा दिसला नाही. औषध न घेणाऱ्यांत १०० पैकी १४ दगावले आणि घेणाऱ्यांत १८. म्हणजे औषध तेच, पण ते कुणाला आणि कधी द्यायचे हे कळणेही औषध सापडण्याइतकेच मोलाचे. २०२१ साली आपल्याकडे कितीतरी लोकांनी ताप येताच कुणाच्या तरी चिठ्ठीवरून स्टेरॉइड घेतले. त्या वर्षी जो काळ्या बुरशीचा आजार पसरला, त्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही प्रमुख कारणे होती.

लसींच्या बाबतीतही चाचण्यांचे टप्पे वगळले नाहीत, टप्प्यांमधले थांबणे कमी केले. एक टप्पा चालू असतानाच पुढच्याची तयारी झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तर परवानगी मिळण्यापूर्वीच लस तयार करून साठवायला सुरुवात केली. लस निकामी ठरली असती तर सगळा माल वाया गेला असता. पण तो धोका पैशाचा होता, माणसांच्या जिवाचा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा.

घरची एक गोष्ट

आता थोडे माझ्याबद्दल सांगतो. विज्ञान शिकवणाऱ्याने आपली चूकही सांगावी.

२०२१ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, करोनाने रुग्णालयात होते. रात्री नऊला निरोप आला, प्लाझ्माची सोय करा. करोनातून बरे झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग रुग्णाला द्यायचा, म्हणजे त्यातली प्रतिकारद्रव्ये रोगाशी लढतील, असा तो उपचार. मी माजी विद्यार्थ्यांच्या सगळ्या गटांवर निरोप टाकले. पन्नास-साठ फोन केले. शेवटी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी कुकटपल्लीहून मध्यरात्री आला आणि रक्तपेढीत पहाटेपर्यंत बसला. त्या रात्री घरातले आम्ही तिघेही प्लाझ्मामागे होतो. भाऊजींचा ऑक्सिजन कमी पडला तर दुसरीकडे खाट आहे का, याची चौकशी करायला कुणी उरलेच नव्हते.

भाऊजी बरे झाले. माझी बहीण आजही म्हणते, "त्या पोराच्या प्लाझ्मानं वाचवलं." माझ्या एका मित्राच्या भावालाही त्याच आठवड्यात प्लाझ्मा मिळाला. तो गेला.

नंतर मला कळले की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या उपचाराची चाचणी वर्षभर आधीच केली होती. २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत मिळून ४६४ रुग्णांवर ती झाली. प्लाझ्मा मिळालेल्या १०० पैकी १९ जणांचा आजार बळावला किंवा मृत्यू झाला. न मिळालेल्यांत हाच आकडा १८ होता. फरक नाहीच म्हणा ना! हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला होता. 'रिकव्हरी'नेही ११,००० हून अधिक रुग्णांवर प्लाझ्मा तपासला. तिथे दोन्ही गटांत १०० पैकी २४ जण दगावले. आम्ही धावपळ केल्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ मे २०२१ रोजी, आपल्याकडच्या उपचारांच्या मार्गदर्शक यादीतून प्लाझ्मा काढून टाकला गेला.

म्हणजे आपल्याच देशाने, आपल्याच रुग्णालयांत, तीन महिन्यांत खरे उत्तर शोधले होते. आणि ते सात महिने माझ्यापर्यंत, म्हणजे एका विज्ञानाच्या शिक्षकापर्यंत, पोहोचले नव्हते. भाऊजी बरे झाले हा एक छापा, मित्राचा भाऊ गेला हा एक काटा. दोन वेळा नाणे उडवून काय कळणार? त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. बहिणीशी वादही घालत नाही. पण वर्गात नाण्याचा खेळ मी त्या वर्षापासून दरवर्षी घेतो.

नवे संशोधन कितीही जलद झाले, तरी त्याचा निकाल रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला नाही तर ती गती वायाच म्हणायची.

आजीच्या टीबीचे काय?

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे वळू.

क्षयरोगाच्या चाचणीला करोनापेक्षा जास्त वेळ लागणार हे खरेच. करोनात रुग्णाचे काय झाले ते २८ दिवसांत कळते. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. काही महिने औषधे द्यावी लागतात आणि नंतर रोग उलटत नाही ना, हे पाहायला आणखी महिने थांबावे लागते. ही मुदत रोगानेच ठरवलेली आहे. ती कुणाला कापता येत नाही.

पण त्याखेरीज जी वाट पाहिली गेली, ती माणसांनी ठरवलेली होती. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे प्रभावी औषध १९६० च्या दशकातले. त्यानंतर अगदी नव्या जातीचे औषध, बेडाक्विलिन, अमेरिकेत मंजूर झाले ते २०१२ साली. मधली सुमारे ४० वर्षे गेली, कारण क्षयाचे बहुसंख्य रुग्ण गरीब देशांतले. त्यांच्यासाठी नवे औषध शोधण्यात कंपन्यांना नफा दिसत नव्हता. दरम्यान जंतू मात्र जुन्या औषधांना सरावत गेले. अशा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दीड ते दोन वर्षे उपचार करावे लागत. त्यात इंजेक्शने असत, आणि कित्येकांना त्यांनी कायमचे बहिरेपण येई.

ही कोंडी फोडायला संशोधनाची मांडणीच बदलावी लागली. २००० साली 'टीबी अलायन्स' ही नफा न कमावणारी संस्था स्थापन झाली. सरकारांचा आणि दानशूर संस्थांचा पैसा घ्यायचा, कंपन्यांकडे पडून राहिलेली रसायने मिळवायची आणि ती पुढे न्यायची, असा तिचा मार्ग. प्रेटोमॅनिड हे औषध अशाच रीतीने पुढे आले आणि २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले.

दुसरा बदल असा. क्षयावर एकच औषध कधीच पुरत नाही, तीन-चार एकत्र द्यावी लागतात. पूर्वी एकेक नवे औषध जुन्या औषधांत मिसळून तपासत. एकाला सहा-सात वर्षे लागली तर तिघांना वीस! म्हणून नवी औषधे एकत्रच तपासायचे ठरले. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तीन गोळ्या सहा महिने देऊन पाहिल्या. हे रुग्ण असे होते की त्यांच्यावर जवळपास कुठलेच जुने औषध चालत नव्हते. त्यांतले ९८ बरे झाले, म्हणजे १०० त ९०.

मात्र इथेही दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. या चाचणीत तुलनेचा गट नव्हता. असे रुग्ण पूर्वी इतक्या संख्येने दगावत की तुलना उघडच होती, तरीही ती उणीव होतीच. शिवाय लिनेझोलिडच्या मोठ्या मात्रेमुळे बहुतेकांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला. म्हणून नंतर मात्रा कमी करून पुन्हा चाचणी घेतली. शिवाय उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत, चिठ्ठी टाकून गट पाडलेली वेगळी चाचणी झाली. तिच्यात या तीन गोळ्यांना मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड दिली होती. नव्या उपचाराने १०० पैकी ८९ जणांना गुण आला, जुन्याने ५२ जणांना. फरक इतका स्पष्ट दिसला की मार्च २०२१ मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवले गेले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली.

त्या मुलीच्या आजीचा उपचार त्याआधीच झाला होता. आज तशाच आजाराच्या पात्र रुग्णाला सहा महिन्यांत बरे होण्याची वाट खुली आहे. साध्या क्षयाचा नेहमीचा सहा महिन्यांचा उपचार मात्र वेगळा आहे आणि तो उत्तम चालतो. तो मध्येच सोडू नये, एवढेच.

नव्या मांडणीने उपचार बदलल्याचे आपल्या देशातले जुने उदाहरणही आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर एक संशोधन केंद्र सुरू झाले. तोवर क्षयाच्या रुग्णाला घरापासून दूर आरोग्यधामात ठेवायची रीत होती. आपल्याकडच्या जुन्या पिढीला मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम आठवत असेल. मद्रासच्या डॉक्टरांनी रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट केले : काही आरोग्यधामात, काही आपल्या दाटीवाटीच्या गरीब घरात, औषधे मात्र दोघांना सारखीच. १९५९ साली निकाल आला. घरी राहणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. त्यानंतर जगभर घरी राहून क्षयावर उपचार घेण्याची पद्धत रुजली. त्यासाठी नवे औषध लागले नाही, नीट विचारलेला एक प्रश्न पुरला.

पालकांसाठी दोन शब्द

असे संशोधन रुग्णांच्या सहभागाशिवाय होत नाही. उद्या एखाद्या रुग्णालयात तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले, तर घाबरून नाही म्हणू नका आणि भिडेपोटी होही म्हणू नका. शांतपणे विचारा :

– ही चाचणी भारताच्या चाचणी-नोंदवहीत नोंदलेली आहे का आणि तिचा क्रमांक काय? (२००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे.)
– रुग्णालयाच्या नीतिसमितीने तिला मान्यता दिली आहे का?
– संमतीपत्र मला कळणाऱ्या भाषेत मिळेल का?
– मध्येच बाहेर पडायचे ठरवले तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना?
– चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? (२०१९ च्या नियमांत याची तरतूद आहे.)

ही विचारपूस तुमचा हक्क आहे. चांगला संशोधक अशा प्रश्नांनी रागावत नाही.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी यंदा नाण्याचा हा खेळ सगळ्या वर्गांत एकाच वेळी घ्यावा आणि पालकांनाही त्यात बसवावे. खर्च काहीच नाही, खिशातले नाणे पुरते.

असो. त्या मुलीला मी शेवटी जे सांगितले तेच इथे लिहितो. औषध लवकर हवे असेल तर रुग्णालयांनी एकत्र यावे, कागद कमी करावेत, नफ्यासाठी कुणी अडून बसले असेल तर दुसऱ्याने ते काम उचलावे आणि निकाल लागताच तो घरोघर पोहोचवावा. वेळ इथे वाचवायचा. खरेच गुण येतो का, हे पडताळून पाहण्यात मात्र वाचवायचा नाही. ती म्हणाली, "सर, म्हणजे आजीला कुणी मुद्दाम थांबवलं नव्हतं, पण तिच्यासाठी घाईही कुणी केली नव्हती." यापेक्षा नेमके उत्तर मला देता आले नसते.

विचार करा आणि लिहा

१. 'माझ्या काकांना या काढ्याने गुण आला' हे वाक्य पुरावा म्हणून का पुरत नाही? नाण्याच्या खेळाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.
२. 'रिकव्हरी' चाचणीत ज्या चार गोष्टींमुळे वेळ वाचला त्या सांगा. त्यांतली कुठली गोष्ट क्षयाच्या चाचणीत वापरता येईल आणि कुठली येणार नाही?
३. डेक्सामेथासोनचा कुणाला फायदा झाला आणि कुणाला नाही? एक तक्ता करा.
४. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत तुलनेचा गट ठेवला नव्हता. ते योग्य होते का? दोन्ही बाजूंनी मत मांडा.
५. घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठांना विचारा : त्यांच्या लहानपणी क्षयरोगावर काय उपचार होत? जे कळेल ते वर्गात येऊन सांगा.